खिशातली रोजची टॉर्च: दोन हजारांत काय घ्यावं, काय तपासून घ्यावं

बांधावरून | १० जून, रात्री ९:१५

खिशात कायम राहील अशी एक टॉर्च घ्यायची आहे. आमच्याकडे टॉर्चलाच 'बॅटरी' म्हणतात. घोळ नको म्हणून या धाग्यात टॉर्च ती टॉर्च आणि आत घालायचा तो सेल, असं धरू.

वापर असा आहे. थ्री फेजची पाळी रात्रीची असली की मोटार सुरू करायला विहिरीपर्यंत पाऊण किलोमीटर बांधावरून जावं लागतं. पावसाळ्यात गवत गुडघाभर असतं. स्टार्टरच्या पेटीत काम करताना दोन्ही हात मोकळे हवेत. घरी लाईट गेली की तीच टॉर्च वापरायची. बजेट सेल धरून दोन हजार.

प्रश्न तीन:
१. बाजारात तीनशे रुपयांना झूमवाली टॉर्च मिळते, तिच्या खोक्यावर ५०,००० लुमेन (एकूण उजेडाचं माप) छापलेले असतात. तेवढ्याच आकाराची ऑनलाइन दीड हजाराला १००० लुमेन सांगते. फरक कशाचा?
२. साध्या पेन्सिल सेलवर (एए) चालणारी घ्यावी की १८६५० वाली?
३. यूएसबी चार्जिंगची टॉर्च पावसात टिकते का?

मीटरवाला | १० जून, रात्री १०:०२

लुमेनचा आकडा सगळ्यात शेवटी बघा. आधी सेल ठरवा. टॉर्च किती उजेड किती वेळ देणार हे सेलमध्ये मावणाऱ्या ऊर्जेवर ठरतं, आणि तो हिशेब घरबसल्या कागदावर करता येतो.

१८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाडीचा, ६५ मिलिमीटर लांबीचा लिथियम-आयन सेल. चांगला ३००० एमएएचचा (मिलिअँपिअर-तासांचा) घेतलात तर ३.६ व्होल्ट गुणिले ३ अँपिअर-तास, म्हणजे १०.८ वॅट-तास. बरा एलईडी आणि बरा ड्रायव्हर (एलईडीला वीज नेमून देणारं सर्किट) असेल तर ढोबळमानाने वॅटमागे १०० लुमेन धरा. म्हणजे तुमच्या खिशात १०८० 'लुमेन-तास' आहेत. १५० लुमेनवर लावली तर सात तास पुरतील. ५० लुमेनवर वीस-एकवीस तास. १००० लुमेनवर जेमतेम एक तास, आणि तोही कागदावरच. कारण १००० लुमेनला दहा वॅट जातात, त्यातला बराच भाग उष्णता होऊन बाहेर पडतो आणि एवढ्याशा ॲल्युमिनियमच्या नळीला ती सोसत नाही. दोन-तीन मिनिटांत टॉर्च आपणहून ३००-४०० लुमेनवर उतरते. हा बिघाड समजू नका. उतरली नाही तर एलईडी आणि सेल दोन्ही शिजतील.

आता ५०,००० लुमेनचं गणित करा. त्याला ५०० वॅट लागतील, म्हणजे अर्ध्या-पाऊण हॉर्सपॉवरच्या मोटारीएवढे. बोटाएवढा सेल ते देऊ शकत नाही. खोक्यावरचा आकडा मोजलेलाच नसतो, नुसता छापलेला असतो.

अशा टॉर्चवर 'टी६', 'क्यू५' असंही लिहिलेलं असतं. ते मॉडेल नाही. कारखान्यात एलईडींची तेजानुसार प्रतवारी करतात, त्या प्रतीची ती खूण आहे. कुठल्या एलईडीची टी६ प्रत, हे कळल्याशिवाय तिला काही अर्थ नाही.

खोक्यावर शोधायचं ते 'एएनएसआय एफएल १', म्हणजे टॉर्च मोजायचं ठरलेलं मानक. या पद्धतीत लुमेन टॉर्च लावल्यावर ३० सेकंदांनंतर मोजतात. 'रनटाइम' म्हणजे उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ, त्यामुळे 'पाच तास' यातले शेवटचे तीन तास मिणमिणते असू शकतात. कंपनीने उजेड-वेळेचा आलेख दिला असेल तर तोच बघा. आडवी रेघ जितकी लांब तितका ड्रायव्हर चांगला. सुरुवातीपासून घसरगुंडीसारखी उतरणारी रेघ असेल तर आत नियंत्रण जवळपास नाही.

'बीम डिस्टन्स' म्हणजे जिथे उजेड ०.२५ लक्सवर (समोरच्या वस्तूवर पडणाऱ्या उजेडाचं माप) येतो ते अंतर. एवढा उजेड साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. त्यात काहीतरी आहे एवढं कळतं, काय आहे ते ओळखता येत नाही. हे अंतर (मीटरमध्ये) कँडेलाच्या, म्हणजे झोताच्या तीव्रतेच्या, वर्गमुळाच्या दुप्पट येतं. १०,००० कँडेलाला २०० मीटर. ओळख पटायला निदान ४ लक्स धरा, म्हणजे तीच टॉर्च खरी उपयोगी ५० मीटरला. थोडक्यात, छापील अंतराला चारने भागा.

पेन्सिल सेलचं पुढच्या प्रतिसादात लिहितो. तुमच्या पाऊण किलोमीटरला १८६५० घ्या असं माझं स्पष्ट मत आहे.

सह्यवाट | १० जून, रात्री १०:४०

मीटरवाल्यांच्या हिशेबात एक भर. रात्री बांधावरून जाणाऱ्यासाठी ती मला लुमेनपेक्षा मोठी वाटते: उजेडाचा रंग.

नाग, मण्यार, घोणस, फुरसं. यातली मण्यार तर रात्रीचीच, आणि घोणस-फुरसंही तिन्हीसांजेनंतर बाहेर असतात. घोणशीच्या अंगावर तपकिरी टिपक्यांची साखळी असते, फुरसं मातकट. वाळक्या पाल्यावर किंवा जांभ्यावर ते नुसत्या रंगाच्या बारीक फरकानेच वेगळं दिसतं. स्वस्त टॉर्चचा निळसर पांढरा उजेड (उजेडाच्या रंगाचा आकडा ६५०० केल्विन किंवा वर; सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, ७० च्या आसपास) सगळे तपकिरी आणि लाल रंग एकाच करड्यात बुडवतो. पाला करडा, माती करडी, जनावरही करडं.

म्हणून ४००० ते ५००० केल्विन आणि सीआरआय ९० किंवा जास्त असलेला एलईडी घ्या. नावं लक्षात ठेवायची तर निशिया ५१९ए, सॅमसंग एलएच३५१डी आणि ल्युमिनसचा एसएसटी-२०, पण त्यातला ४००० केल्विन ९५ सीआरआयवालाच. याची किंमत मोजावी लागते. त्याच विजेवर साधारण पाचवा हिस्सा लुमेन कमी मिळतात. पण उजेड दुप्पट भासायला लुमेन जवळजवळ चौपट लागतात, त्यामुळे पाचवा हिस्सा डोळ्याला कळतही नाही. रंग मात्र पहिल्या पावलाला कळतो.

झोताचा आकारही बघा. झूमवाल्या टॉर्चचा झोत लांब केला की जमिनीवर नुसता एक चौकोनी ठिपका पडतो. ती एलईडीच्या चकतीचीच प्रतिमा असते. ठिपक्याबाहेर अंधार. पायाजवळचं काही दिसत नाही. बांधावर उलट हवं, मध्ये मऊ ठिपका आणि भोवती रुंद उजेड. त्यासाठी नारिंगाच्या सालीसारखा खडबडीत परावर्तक चांगला. गुळगुळीत परावर्तक लांब फेकतो, पण कडेला वर्तुळं दिसतात.

आणि झूमचं डोकं पुढेमागे सरकतं तेव्हा ते पिचकारीसारखं हवा आत-बाहेर करतं. पावसात हवेबरोबर पाणीही ओढतं. तिसऱ्या प्रश्नाचा निम्मा निकाल इथेच लागतो.

उंबरठा | ११ जून, सकाळी ७:५०

या धाग्यातच विचारते. शहरात, वयस्कर आईसाठी हवी आहे. जिना, बाथरूम, कधी लाईट गेली तर. तिला चार्जिंगची भानगड नको, बटण एकच हवं. १८६५० चा सल्ला तिलाही लागू होतो का?

कंदील | ११ जून, सकाळी ९:१०

उंबरठाताई, नाही. आईंसाठी एक एए सेलची टॉर्च घ्या. सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो आणि कोणालाही बदलता येतो. निकेल-मेटल हायड्राइड एए सेल १.२ व्होल्ट, २००० एमएएच, म्हणजे २.४ वॅट-तास. वरच्या हिशेबाने २४० लुमेन-तास. ३० लुमेनवर सात-आठ तास चालेल, जिन्याला तेवढं भरपूर.

दोन गोष्टी आवर्जून बघा. एक, लावल्याबरोबर मंद किंवा मधला उजेड यावा. मध्यरात्री ४०० लुमेन डोळ्यांवर आदळले तर जिन्यावर तोल जायची भीती खरीच असते. दोन, लुकलुक आणि 'एसओएस' हे प्रकार बटण दाबत गेल्यावर येणाऱ्या मुख्य फेऱ्यात नसावेत. असले तर ती टॉर्च आईंना देऊ नका, चारदा बटण दाबल्यावर घरभर लखलखाट सुरू होतो आणि बंद कशी करायची ते कळत नाही.

साधा अल्कलाइन सेल टॉर्चमध्ये घालून विसरू नका. रिकामा झाला की तो पाझरतो. आत पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, ते हवा लागून पांढरी खरड होतं आणि झाकण नळीत चिकटवून टाकतं. आपोआप कमी उतरणारे, म्हणजे कपाटात पडूनही वर्षभर बहुतांश चार्ज राखणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्या. दोन सेल आणि साधा चार्जर आणला की काम झालं. चार्ज करायचं काम महिन्या-दोन महिन्यांनी तुम्हीच करा.

पाझरलेली टॉर्च फेकू नका. कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन खरड पुसा. फसफसणं थांबलं की आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवा. हातात मोजे घाला, डोळ्यांना हात लावू नका.

मीटरवाला | ११ जून, सकाळी ९:४५

कंदीलताईंनी एए चं काम सोपं केलं. एक धोका जोडतो. १४५०० नावाचा लिथियम-आयन सेल दिसायला अगदी एए सारखा, पण ३.७ व्होल्टचा. काही टॉर्च दोन्ही घेतात, सोफर्न एसपी१० प्रो त्यातली. ज्या टॉर्चवर '१४५०० चालतो' असं लिहिलेलं नाही, तिच्यात तो घातलात तर ड्रायव्हर क्षणात जळेल. भिंतीवरच्या घड्याळात किंवा रिमोटमध्ये चुकून गेला तर तेही गेलं. घरात दोन्ही असतील तर १४५०० वर लाल चिकटपट्टीचा वेढा मारून ठेवा.

कंदील | ११ जून, दुपारी १:३०

बांधावरून, आता तुमच्या पैशांची वाटणी. दोन हजारांतला किमान पाव हिस्सा सेलसाठी बाजूला काढा, मग उरलेल्यात टॉर्च शोधा. बहुतेक जण उलटं करतात. टॉर्च चांगली घेतात आणि सेल शंभर रुपयांचा, '९९०० एमएएच' लिहिलेला. नेहमीच्या चांगल्या १८६५० मध्ये ३५००-३६०० एमएएचच्या फार वर काही मावत नाही. त्याहून खूप मोठा आकडा दिसला की पुढे वाचूच नका.

वजन करा. सोनाराकडचा किंवा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालेल. खरा १८६५० ४४ ते ४९ ग्रॅम भरतो. पंचवीस-तीस ग्रॅम भरला तर आत मोकळी जागा तरी आहे किंवा छोटाच सेल गुंडाळलेला आहे. मी सॅमसंग, एलजी, पॅनासॉनिक, मुराता यांचा सेल किंवा टॉर्च कंपनीने स्वतःच्या नावाने सोबत दिलेला सेल घेईन. भारतात विकायच्या सेलवर भारतीय मानक ब्यूरोची खूण, आयएस १६०४६ आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो छापलेला नसेल तर विक्रेत्याला विचारा.

लांबी आणि टोक. संरक्षक सर्किट लावलेला सेल ६५ ऐवजी ६८ ते ७० मिलिमीटर भरतो आणि काही टॉर्चमध्ये बसतच नाही. झाकण जोर लावून पिळलं तर स्प्रिंग चेपते नाहीतर सेलच्या तळाला खड्डा पडतो. टॉर्चच्या डोक्याकडे स्प्रिंग नसून नुसती पितळी टिकली असेल तर सपाट टोकाचा सेल बहुधा टेकत नाही, बटणासारखं उंच टोक असलेला लागतो. म्हणून टॉर्चचा फोटो आतून बघितल्याशिवाय सेल मागवू नका.

हे मात्र पाळाच: सेलचं प्लास्टिक वेष्टण टोकाजवळ फाटलं असेल तर वापरू नका. १८६५० चा आख्खा डबा ऋण टोक असतो, नुसती वरची टिकली धन. दोघांत वेष्टण आणि कागदी कडी एवढंच अंतर. किल्ल्या-नाण्यांच्या खिशात सुटा सेल टाकला की ते अंतर किल्ली जोडून देते, आणि सेल लालभडक तापतो. दहा-वीस रुपयांची प्लास्टिकची डबी मिळते, ती घ्याच.

बांधावरून | ११ जून, रात्री ८:२०

सगळ्यांचे आभार, वही काढून लिहून घेतोय. पाण्याचं सांगा. आणि नावं सांगितलीत तर बरं होईल. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल काढून वापरावेत का? तालुक्याला एक जण देतो.

डाग_सोल्डर | ११ जून, रात्री ९:०५

लॅपटॉपचे सेल नकोत. ते वाईटच असतात असं नाही. पण किती वर्षं कसे वापरले हे कळत नाही आणि तपासायला क्षमता मोजणारा चार्जर लागतो. २.५ व्होल्टच्या खाली बरेच दिवस पडून राहिलेला सेल पुन्हा चार्ज केला की आत तांब्याचे काटे वाढतात आणि कधीतरी आतूनच शॉर्ट होतो. खिशात ठेवायच्या वस्तूत ते नको.

पाणी. टॉर्च किती पाणी सोसते ते 'आयपीएक्स' आकड्याने सांगतात. आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपीएक्स८ म्हणजे त्याहून जास्त, किती ते कंपनी सांगते. तुम्हाला ७ किंवा ८. पण हा आकडा नव्या रबरी कड्यांचा असतो, वाळून चिरलेल्या कड्यांचा नाही.

टॉर्च आली की ही चाचणी करा. सेल काढा. टिश्यू पेपरची पट्टी नळीत घाला. झाकण नेहमीसारखं आवळा. बादलीत वीतभर खोल अर्धा तास बुडवून ठेवा. बाहेरून कोरडी करून उघडा. पट्टीला डाग असेल तर त्याच दिवशी परत करा.

कड्यांना महिन्यातून एकदा, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी, मुगाच्या दाण्याएवढं सिलिकॉन ग्रीस. व्हॅसलीन किंवा गाडीचं ग्रीस लावू नका, काही जातीचं रबर त्याने फुगतं आणि आट्यांतून बाहेर येतं. जुनं काळं ग्रीस आधी चिंधीने आट्यांतून पूर्ण पुसा. त्या काळ्या मळात ॲल्युमिनियमचा चुरा असतो, नवं ग्रीस त्यावर लावलंत तर तो चुरा आटे खात राहतो.

यूएसबी-सी वाल्या टॉर्चचं रबरी झाकण नखाने दाबून पूर्ण बसलंय ना ते बघत जा. पावसातून आल्यावर लगेच चार्जिंगला लावू नका, ओल्या पोर्टला वीज लागली की पिना हिरव्या होऊन गंजतात. आणखी एक खोड: काही स्वस्त टॉर्चच्या पोर्टमागे दोन बारीक रोधक गाळलेले असतात. मग दोन्हीकडे सी असलेल्या केबलने त्या चार्जच होत नाहीत. जुन्या चौकोनी तोंडाच्या चार्जरने आणि ए-ते-सी केबलने होतात. टॉर्च बिघडली समजून परत करायच्या आधी केबल बदलून बघा.

सह्यवाट | ११ जून, रात्री ९:५०

नावं मी देतो, किंमत तुम्ही त्या दिवशीची बघा, ती सारखी बदलते.

वुर्कोस एफसी११. १८६५०, ९० सीआरआयचा एलएच३५१डी, यूएसबी-सी, बाजूला बटण, शेपटीला चुंबक. तुमच्या स्टार्टरच्या लोखंडी पेटीला चिकटवली की दोन्ही हात मोकळे. तुमच्यासाठी माझी पहिली पसंती हीच. घरात कोणाला पेसमेकर असेल तर मात्र चुंबकाची टॉर्च छातीच्या खिशात ठेवू देऊ नका.

सोफर्न एससी३१ प्रो. एसएसटी४० एलईडी, जोर जास्त, रंग कच्चे. शेताच्या दुसऱ्या टोकापर्यंत बघायचं असेल तर.

कॉन्व्हॉय एस२ प्लस. पोर्ट नाही, शेपटीला बटण, आत फार काही बिघडण्यासारखं नाही. पावसाला हिच्याइतकी निर्धास्त दुसरी नाही. वेगळा चार्जर लागतो. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये अलीएक्सप्रेसवर इथे बंदी आल्यापासून मिळवायला खटपट पडते. कोणी परदेशातून आणणार असेल तर त्याला सांगा, सुटा सेल डबीत घालून केबिनच्या बॅगेत ठेवायचा, चेक-इन सामानात चालत नाही.

सोबत डोक्याला लावायची टॉर्च घ्यावी का, असा प्रश्न पुढे येईलच. पेटीत काम करायला ती उत्तम. पण धुक्यात किंवा बारीक पावसात कपाळावरचा झोत डोळ्यांसमोरच्या थेंबांवरून परत येतो आणि पांढरी भिंत उभी राहते. हातातली टॉर्च कमरेखाली धरली की तीच वाट दिसायला लागते. पिवळा उजेड धुकं भेदतो असं लोक म्हणतात, पण धुक्याचे थेंब उजेडाच्या तरंगलांबीपेक्षा इतके मोठे असतात की रंगाने फारसा फरक पडत नाही. टॉर्च कुठे धरली याने पडतो.

मीटरवाला | ११ जून, रात्री १०:३०

बाजूला इलेक्ट्रॉनिक बटण असलेली टॉर्च बंद असतानाही थोडा करंट पीत राहते, कारण आतली चिप बटणाची वाट बघत जागी असते. तुमच्याकडे मोटारीसाठी मल्टिमीटर असणारच, त्याने हे मोजा.

शेपटीचं झाकण काढा. मीटर आधी १० अँपिअरच्या भोकात लावा. एक टोक सेलच्या तळाला, दुसरं नळीच्या उघड्या चकचकीत कडेला. रंगीत भागावर ठेवू नका, तो ॲनोडायझिंगचा थर असतो, त्यातून वीज जात नाही. पहिल्या क्षणाचा झटका गेला आणि आकडा शून्याजवळ आला की मग मिलिअँपिअर-मायक्रोअँपिअरच्या भोकात या. बटणाला अजिबात हात लावू नका, टॉर्च लागली तर मीटरचा २०० मिलिअँपिअरचा फ्यूज उडेल.

३० मायक्रोअँपिअर आले तर ३००० एमएएचचा सेल कागदावर अकरा वर्षं पुरेल, विसरून जा. २ मिलिअँपिअर आले तर १५०० तास, म्हणजे दोन महिन्यांत सेल कोरडा. अशी टॉर्च परत करा. किंवा वापर नसताना झाकण पाव फेरा सैल ठेवा. आट्यांवर ॲनोडायझिंग असेल तर एवढ्याने वीज पूर्ण तुटते. आटे चकचकीत असतील तर तुटत नाही.

पाव फेऱ्याची सवय तशीही लावून घ्या. ८०० लुमेनची टॉर्च खिशात आपोआप लागली तर धोतराला किंवा पँटला भोक पाडू शकते. ॲन्ड्युरिल (काही टॉर्चच्या चिपमधलं सॉफ्टवेअर) प्रणालीच्या टॉर्चमध्ये बंद असताना चार टिचक्या मारल्या की कुलूप लागतं, तीन मारल्या की सेलचा व्होल्टेज लुकलुकून सांगते: चार लुकलुक, थांबा, एक लुकलुक म्हणजे ४.१.

चार्ज ४.२ व्होल्टला थांबायला हवा. ४.२५ च्या वर गेला तर त्या टॉर्चचं चार्जिंग वापरू नका. वापरताना ३ व्होल्टच्या आसपास आला की चार्जिंगला लावा. उन्हाळ्यात ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये किंवा गाडीच्या काचेमागे ठेवू नका.

बांधावरून | १९ जून, रात्री ८:४०

एफसी११ आली, ४००० केल्विनची. सेल ४७ ग्रॅम, बंद असताना करंट मायक्रोमध्येच, बादलीच्या चाचणीत पट्टी कोरडी. पण आज सर्वांत वरच्या उजेडावर फडफडते आहे, खाली ठीक चालते. काय असेल?

डाग_सोल्डर | १९ जून, रात्री ९:१०

वर फडफड आणि खाली ठीक, म्हणजे कुठेतरी संपर्क कच्चा. जास्त करंटला तो पुरत नाही. क्रमाने बघा.

आधी नळीच्या दोन्ही टोकांच्या उघड्या कडा आणि सेलची दोन्ही टोकं अल्कोहोलच्या काडीने पुसा. ग्रीस आट्यांनाच असावं, कडेवर नको. नवीन टॉर्चमध्ये कारखान्यातलं ग्रीस कडेवर आलेलं असतं, दहातल्या पाच वेळा कारण हेच निघतं.

तरी गेलं नाही तर शेपटीचं झाकण काढून, जाड तांब्याच्या तारेच्या तुकड्याने सेलचा तळ आणि नळीची कड जोडा, दोन-चार सेकंदच, आणि वरचा उजेड लावा. आता स्थिर जळली तर दोष झाकणात. झाकणाच्या आत बघा. स्प्रिंग धरून ठेवणारी गोल कडी असेल आणि तिला समोरासमोर दोन भोकं असतील तर बारीक चिमट्याची टोकं त्यांत घालून ती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आवळा. वाहतुकीत हलून ती पाव फेरा सैल होते, आणि तेवढ्याने झाकणातला संपर्क अर्धा सुटतो. कडी नसून दाबून बसवलेली चकती असेल तर उचकटू नका. अजून परतीची मुदत आहे.

तारेनेही फडफडली तर दोष डोक्यात. तेव्हा उघडू नका, बदलून घ्या.

बांधावरून | १९ जून, रात्री ९:३५

कडेवर ग्रीसच होतं, झाकणाच्या बाजूने पूर्ण वर्तुळ. पुसल्यावर पाच मिनिटं सर्वांत वर लावून ठेवली, फडफड नाही. तिसऱ्या मिनिटाला उजेड उतरला, तो मीटरवाल्यांनी सांगितलेलाच उतार असं धरतो.

मीटरवाला | १९ जून, रात्री ९:४१

तोच. बांधावर मधल्याच उजेडावर ठेवा, वरचा फक्त दोन-चार सेकंद लांब बघायला. आणि दुसरा सेल पुढच्या महिन्यात घ्या, डबीत घालून ३.७ व्होल्टवर ठेवून द्या.